पॅनलमातेचा अंगारा

गुणवंतरावांच्या भातगिरणीत त्या सकाळी भात सोडून सगळं होतं. नारळ होते, अगरबत्त्या होत्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या चार गावांची माणसं होती, आणि भिंतीवरच्या विजेच्या पॅनलला हिरवं लुगडं नेसवलेलं होतं. त्याच्या हँडलावर कुणीतरी नथही अडकवली होती. दारात चपलांचा गुडघाभर ढीग पडला होता, कारण देवाच्या जागी चपला चालत नाहीत.

भद्रावतीहून पहिल्या एसटीने आलेली रीता खांद्यावरची हत्यारांची थैली सावरत दारातच थबकली. ती आयटीआय झालेली वायरमन. कोंडा ओढणाऱ्या नव्या पंख्यासाठी पॅनलला एक भोक पाडायचं, पाइप बसवून वायर टाकायची, एवढ्याच कामासाठी तिला बोलावलं होतं. ती चपला घालूनच आत शिरली, तशी दहा जणांनी डोळे वटारले.

"बंद करा तो घरघराट! माय शांततेची भुकेली हाय!" पॅनलपुढे उभा असलेला बाबा गरजला. लोक त्याला झटकेबाबा म्हणत. गिरणी थांबली. बाबाने दोन्ही हात पॅनलवर ठेवले, डोळे पांढरे केले आणि सुरू झाला, "हे साधं डबडं नोहे भक्तहो! साक्षात वीजमाय! पाप्याले झटका, पुण्यवंताले टेका!" त्याला काही झालं नाही. लोकांनी जयजयकार केला. मग पॅनलखाली साचलेली काळी पूड त्याने ताटलीत गोळा केली आणि चिमटीचिमटीने अंगारा म्हणून वाटली. एका म्हातारीने ती नातवाच्या जिभेवरसुद्धा ठेवली. रीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता आणा तिले," बाबा म्हणाला.

दोघांनी धुरपताला पुढे आणलं. अकरा वर्षं या गिरणीत कोंडा झाडणारी ती विधवा बाई. पंधरा दिवसांपूर्वी ओल्या फडक्याने पॅनल पुसताना पहिला झटका तिलाच बसला होता. मग इतरांनाही बसू लागले. बाबाने निदान केलं, धुरपताने करणी केली म्हणून माय कोपली! आज तिची परीक्षा होती. चालू गिरणीत तिने दोन्ही हातांनी पॅनल धरायचं. झटका बसला तर चेटकीण ठरवून सूर्य मावळायच्या आत गावाबाहेर काढायचं. शुद्धीसाठी तिच्या अनवाणी पायांवर आणि खालच्या फरशीवर बाबाने दोन बादल्या पाणी ओतलं होतं.

"करा गिरणी चालू! माय जागी होऊ द्या!"

पट्टा फिरू लागला, भिंत थरथरली. धुरपताने हात पुढे केले.

"थांबा!" रीता मधे घुसली आणि तिने धुरपताला मागे ओढलं. "मरन ते बाई!"

"ओ वायरमनबाई," गुणवंतराव खेकसले, "तुमी तुमचं काम करा."

"तेच करून राह्यली मी!" तिने थैलीतून बल्ब काढला. त्याला दोन लांब वायरी जोडलेल्या होत्या. एका वायरीचं टोक तिने जमिनीत गेलेल्या बोअरच्या लोखंडी पाइपला लावलं, दुसरं पॅनलच्या पत्र्याला. बल्ब भक्कन पेटला. "आता गिरणी बंद करा." गिरणी थांबली, तसा बल्ब विझला. पुन्हा चालू केली, बल्ब पुन्हा पेटला.

"हा बल्ब पापी हाय का पुण्यवंत?" तिने विचारलं. "मोटारीची वायर आत पत्र्याले लागली हाये. गिरणी चालू असली का पत्र्यात करंट. बंद असली का नाई. म्हणून तुमचा बाबा हात लावाच्या आधी गिरणी बंद करते, आन् या बाईच्या वेळी चालू! वरून पाय अनवाणी, फरशी ओली. बाबा, आता चालू हाये. लावा हात."

बाबाने हात पाठीमागे घेतले. "माह्या मौनाची वेळ झाली," तो म्हणाला.

एवढं बोलणारं मौन लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

रीताने मेन स्विच पाडला, मायचं लुगडं बाजूला केलं आणि पॅनलचं दार उघडलं. बल्ब लावून आत करंट नसल्याची खात्री केली, मग लोकांना जवळ बोलावलं. पॅनलच्या बुडाला मोटारीची वायर बाहेर काढण्यासाठी पाडलेलं भोक म्हणजे कुत्र्याने तोडलेली भाकर. काठावर पत्र्याचे दाते उभे होते. रबराचं कडं नव्हतं. गिरणीच्या थरथरीने वायर त्या दात्यांवर घासून सोलली होती आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. अर्थिंगची तार तर बांधलेलीच नव्हती. रीताने थैलीतलं लोहचुंबक बाबाच्या ताटलीवर धरलं. अंगारा उडून त्याला चिकटला.

"त्या भोकातून पडलेला लोखंडाचा कीस! हे पोराच्या पोटात घातलं तुमी!" रीता ओरडली. म्हातारीने नातवाला घट्ट धरलं. "त्याले दवाखान्यात दाखवून आणजा, आजी. आन् हे भोक कोनी पाडलं?"

मागे उभा असलेला गावचा वायरमन श्रीहरी मान खाली घालून पुढे आला. "मीच. भोक कापाच्या होल सॉचे दात गेले होते. पत्र्याची चकती तोडाचा पंच भाड्यानं चंद्रपूरहून आणा लागते. हंगाम तोंडावर होता, मालक घाई करत होते. छन्नीनं ठोकलं."

"मंग झटके बसाले लागले तवा काऊन नाई सांगितलं?"

श्रीहरीने त्या भोकाकडे पाहिलं. "बाबा म्हणे माता हाये. मले बरंच वाटलं. माहं नाव नाई आलं."

"तुयं नाव नाई आलं," धुरपता पहिल्यांदाच बोलली, "म्हणून माहं आलं."

बाबा हळूच दाराकडे सरकला, पण चपलांच्या त्या ढिगात त्याला स्वतःचा जोड सापडेना. तेवढ्यात गर्दीत उभ्या असलेल्या पोलीस पाटलांनी त्याचा दंड धरला.

रीता कामाला लागली. तिच्याजवळ धारेचा होल सॉही होता, पण तो तिने ठेवून दिला. पॅनलमध्ये यंत्रं बसलेली असली की त्याचा कीस आत पडतो, आणि कीस पुन्हा घोटाळा करतो. पंख्याच्या वायरीसाठी तिने लहान भोक पाडून त्याचा कीस चुंबकाने टिपला, त्यातून सोबत आणलेल्या पंचाचा बोल्ट ओवला आणि पान्याने आवळला. कचकन आवाज झाला आणि पत्र्याची गोल चकती खाली पडली. तुटलेल्या भोकावर तसंच मोठं गोल पाडून तिने दोन्ही भोकांना रबराची कडी बसवली, नवी वायर ओढली, अर्थिंग बांधलं. गिरणी चालू झाली. पत्र्याला लावलेला बल्ब पेटला नाही.

माणसं कशी असतात पाहा! तीच म्हातारी खाली वाकली, चकती उचलून कपाळाला लावली, आणि नव्या भोकाला बोट लावायला कुंकवाची डबी उघडली.

धुरपताने तिचा हात धरला. तिने चकती घेतली आणि भंगाराच्या टोपलीत टाकली.

"काकी, त्याले कुंकू लावू नोको," ती म्हणाली. "अर्थिंग हाये का ते पाह्यत जा. आन् पुढच्या वेळी कोनाले चेटकीण म्हणाच्या आधी, एक डाव आत उघडून पाह्यजा."

मग तिने दारातल्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या, पायात घातल्या आणि कोंडा झाडायला घेतला.