रवा की काच

नऊ वर्षं मी रोज सकाळी स्नो रिपोर्ट लिहिला आणि तेरेसाने त्यातला एकही वाचला नाही. शुभंकरचे मात्र ती चहा गाळता गाळता मोठ्याने वाचायची. बायको माझी, चहा माझा, आणि कौतुक त्या पोराचं.

मी बर्नार्ड. मूळचा वसईचा. गेली बारा वर्षं ब्रिटिश कोलंबियातल्या एका स्की रिसॉर्टवर ग्रूमर चालवतो. ग्रूमर म्हणजे उतारावरचा बर्फ सारखा करणारं रणगाड्याएवढं मशीन. पहाटे माथ्यावर गेलो की तिथल्या फळीवर रात्रीत किती सेंटीमीटर पडला ते मोजायचं आणि सहाच्या आत रिपोर्ट टाकायचा. तो वाचून लोक पार सरे शहरापासून पाच-पाच तास गाडी हाकत येतात. माझा रिपोर्ट दोन ओळींचा असे. नवा बर्फ इतका, खालचा थर इतका, संपलं. नऊ वर्षांत एक आकडा चुकला नाही.

गेल्या डिसेंबरात आमची मॅनेजर मॉरीन म्हणाली, "बर्नार्ड, यू गिव्ह द नंबर्स. ही विल डू द रायटिंग." ही म्हणजे शुभंकर. साताऱ्याचा, वय चोवीस, इथलं कॉलेज संपवून वर्क परमिटवर लागलेला. तेव्हापासून मी वरून वायरलेसवर सांगायचं आणि त्याने खाली हीटरजवळ बसून लिहायचं. त्याच्या रिपोर्टला लोक फोनवर लाल बदाम पाठवू लागले. माझ्या आकड्यांना कोणी कधी बदाम सोडा, शेंगदाणासुद्धा पाठवला नव्हता.

बरं, त्याने स्वतःच्या डोक्याने लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. शब्द माझे होते. त्याचं असं झालं, की डोंगरावर मराठी कळणारे आम्ही दोघेच, म्हणून वायरलेसवर मराठीत बोलायचो. आणि मराठीत स्नो पण बर्फ, आईस पण बर्फ. हिम म्हणून शब्द आहे, पण तो पुस्तकात. पहाटे पाचला, नाकाचा शेंडा बधिर झालेला असताना "हिम पडलं आहे" असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. माझे वडील लग्नांत आचारी होते, त्यामुळे मला सगळं स्वयंपाकघरातलंच सुचतं. पहिल्याच आठवड्यात मी त्याला सांगून ठेवलं, कोरडा, सुटा, स्कीखाली सळसळणारा तो रवा. ओला, गोळा होणारा ती कणीक. आणि चकचकीत, पाय ठरणार नाही असा कडक, ती काच.

दुसऱ्याच दिवशी पठ्ठ्याने इंग्रजीत लिहिलं, "आजचा बर्फ लाडवासाठी भाजायला घेतलेल्या रव्यासारखा आहे. लवकर या, नाहीतर संपेल." मॉरीनने ते मोठ्या अक्षरांत छापून तिकिटाच्या खिडकीवर लावलं. मी रोज त्याच्यासमोरून जायचो. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

तो वाईट मुलगा असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो न सांगता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून जायचा. तेरेसाला मावशी म्हणायचा. ख्रिसमसला तिने त्याला आमचं वसईचं आंबट-तिखट इंदेल आणि तळलेले गोल पाव, म्हणजे फुगे, वाढले, तर याने इतकं तोंडभरून कौतुक केलं की तिने भांड्यातले उरलेले मटणाचे तुकडे त्याच्याच ताटात घातले. माझ्या ताटात रस्सा आला. इंदेलात मटणच वापरायचं हा माझ्या वडिलांचा हट्ट, आणि मटण मी आणलेलं. माझ्या पोटात दुखलं ते दुखलंच.

फेब्रुवारीत फॅमिली डेच्या लाँग वीकएंडआधी, शुक्रवारी, मॉरीनने मीटिंगमध्ये सांगितलं की शुभंकरला मार्चपासून पर्मनंट करणार. त्याच्या पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी, पक्क्या नोकरीचं पत्र त्याला हवंच होतं. आणि रिपोर्टला आता त्याचं नाव लागणार, 'शुभंकर्स स्नो'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी आलो तर तेरेसाला आधीच माहीत होतं; त्याने तिला मेसेज केला होता. "पोराचं नशीब उघडलं," ती म्हणाली. मी न जेवता झोपलो.

शनिवारी पहाटे माथ्यावर पोचलो तर ढग डोंगराला चिकटून बसलेला. संध्याकाळी बारा सेंटीमीटर सुंदर बर्फ पडला होता, आणि त्यावर रात्रभर त्या ढगातून बारीक थेंब गोठत राहिले होते. ग्रूमरमधून उतरून मी पाय टाकला तर पाय सरकला. टाच आपटली तर टणटण वाजलं. काच. खाली ढग नव्हता, तिथे सगळं कोरडं, भुसभुशीत. खालून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

वायरलेस खरखरला. "गुड मॉर्निंग काका! काय म्हणतोय डोंगर?"

"बर्फ आहे," मी म्हणालो.

"किती?"

"बारा."

"बारा! म्हणजे रवा ना?"

मी बटण दाबलं नाही. अंगठा बटणावर होता, एवढं मला स्पष्ट आठवतं. 'काच' म्हणायला असा कितीसा वेळ लागतो! माझ्या डोळ्यांसमोर तिकिटाची खिडकी आली, तो लाडवाचा कागद आला, आणि ताटातला रस्सा आला. मला वाटलं, एकदा तोंडघशी पडू दे. मग मॉरीनला कळेल की दोन ओळींचा माणूस कशाला लागतो.

"समजलं समजलं," तो हसला. "तुमचा आवाज तुटतोय. थँक यू काका."

सहाला रिपोर्ट गेला. बारा सेंटीमीटर रवा, यंदाचा सगळ्यात चांगला दिवस. साडेसातला मी शेडमध्ये डबा उघडून बसलो होतो. पार्किंगमध्ये गाड्यांवर गाड्या येत होत्या आणि मी मनात मांडे खात होतो. आता लोक वर जातील, काच बघतील, शिव्या घालत खाली येतील. तेवढ्यात वायरलेसवर डोंगरावर गस्त घालणाऱ्या स्की पट्रोलवाल्याचा आवाज आला. माथ्यावर कोणीतरी पडलंय, स्ट्रेचर पाठवा. लिफ्ट पाहुण्यांसाठी सुरू झालीच नव्हती. वर एकटा शुभंकर गेला होता, त्या रव्याचा व्हिडिओ काढायला.

मला त्याचा रिपोर्ट पडायला हवा होता, तो नव्हे. हे मी देवाला सांगितलं, धावता धावता, आणि देवाने ऐकलं की नाही मला माहीत नाही.

फर्स्ट एडच्या खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता. गळपट्टीचं हाड मोडलेलं, गाल सोललेला, ओठ पांढरे. मॉरीन समोर उभी होती. बाहेर लोक तिकिटाचे पैसे परत मागत होते. माथा बंद करावा लागला होता. ती माझ्याकडे वळली. "बर्नार्ड, व्हॉट डिड यू टेल हिम?"

शुभंकरने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पुरेसं पाहिलं. त्याला कळलं होतं. वायरलेसवर माझा आवाज कधी तुटत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"ही सेड आईस," तो म्हणाला. "आय हर्ड स्नो. इट्स द सेम वर्ड इन मराठी."

मी तिथेच सगळं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मॉरीनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की नऊ वर्षांत तुझा एक आकडा चुकला नाही, चूक माझीच, मी अनुभवाला बाजूला सारलं. आणि त्या क्षणीही, लाज वाटते सांगायला, मला त्याचा हेवाच वाटला. खोटंसुद्धा तो माझ्यापेक्षा चांगलं बोलला होता.

रिपोर्ट मला परत मिळाला. वायरलेसवर यापुढे फक्त इंग्रजी, असा कागद शेडमध्ये लागला. शुभंकरला पत्र मिळालं नाही. खांदा बांधलेल्या पोराला डोंगरावर काम तरी काय देणार? तो विनिपेगला गेला, तिथे त्याच्या ओळखीचं कोणी दुकान चालवतं. जायच्या आधी घरी आला. तेरेसाने त्याला डबा बांधून दिला. दारात तो मला म्हणाला, "काका, तिथे म्हणे बर्फ खूप आहे, पण डोंगर एकही नाही." मी म्हणालो, "सांभाळून जा." एवढंच म्हणालो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे माथ्यावर उतरलो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मूठभर उचलून फुंकर मारली तर दाणा दाणा उडाला. असा रवा मी बारा वर्षांत पाहिला नव्हता. वायरलेसवर नवा माणूस विचारत होता, "बर्नार्ड, स्नो ऑर आईस?" मी म्हणालो, "स्नो." त्याने ओके म्हटलं आणि बंद केलं.

त्या दिवशी मी दोन ओळींवर थांबू शकलो नाही. अंगठे दुखेपर्यंत लिहिलं. भाजायला घेतलेला रवा, त्याचा सुटा दाणा, कढईत उलथनं फिरवताना होतो तो आवाज, सगळं लिहिलं.

घरी आलो तर तेरेसा चहा गाळत होती. तिच्या हातात फोन होता. ती माझा रिपोर्ट वाचत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्ची ओढून बसलो आणि वाट बघत राहिलो.

तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला.

"बर्नार्ड," ती म्हणाली, "हे त्या पोराचं आहे ना रे? त्याचे शब्द कशाला उचललेस?"

वडिलांची कढई माझ्या डोळ्यांसमोर आली, लग्नाच्या मांडवामागची. तोंडाशी आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

"हो," मी म्हणालो. "त्याचंच आहे."