कालवडीचं नाव

इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांमागे रंजनीचा गोठा. तिच्या गाईला कालवड झाली आणि रंजनीने तिचं नाव यामिनी ठेवलं, त्या दिवशी शेजारच्या विद्युलताच्या घशाखाली चहा उतरेना.

यामिनी ही विद्युलताची धाकटी जाऊ, गुरांची डॉक्टर. एका संस्थेत नोकरीला लागून ती इथे आली, रंजनीच्या गाईची सुजलेली कास बरी केली, जंताचं औषध दिलं, लस टोचली. दूध वाढलं. छपरावरची ताडपत्री जाऊन पत्रे आले, लेकीचं सुटलेलं नर्सिंग पुन्हा सुरू झालं.

आणि विद्युलता? लग्न होऊन आल्यापासून ती रोज सकाळी मौन धरून याच गाईला गोग्रास देत होती. गाईने घास घेतला की मगच मौन सोडायचं, असा तिचा नेम. पण तिच्या नावाचं वासरू? एकही नाही.

“अक्का, आमची डॉक्टरम्मा म्हणजे देवीच!” रंजनी वर तिलाच सांगायची.

आमची म्हणे!

शुक्रवारी रंजनी दूध घालायला गेलेली असताना विद्युलताने एका घासाऐवजी पातेलंभर गूळभात नेला, वर तुपाची धार. गाईने शेवटचं शीतही सोडलं नाही, तिचा हातसुद्धा चाटला. टोच म्हणावं आता तुझी सुई, विद्युलता मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घास घेऊन गेली, तर गाय मान टाकून बसलेली. रवंथ बंद, डावी कूस फुगलेली. यामिनी शेजारी वाकून तपासत होती.

“काल काय खाल्लं हिने?”

“रोजचंच, डॉक्टरम्मा. पेंड, वैरण.”

“नाही, रंजनी. काहीतरी वेगळं गेलंय पोटात. ते कळल्याशिवाय औषध कसं देऊ? चुकलं तर गाय हातची जाईल.”

रंजनीने गाईच्या गळ्यात हात टाकले. “हिच्यावरच घर उभंय हो आमचं.”

विद्युलताने घास पुढे केला. गाईने तोंड फिरवलं. म्हणजे बोलता येत नव्हतं. आणि बोलायचं तरी कुणापुढे, तर यामिनीपुढे!

“गूळभात,” ती म्हणाली. नेम मोडला. “पातेलंभर. मीच घातला.”

यामिनीने वर पाहिलं. “भात आंबलाय पोटात. बरं झालं बोललात, ताई. खायचा सोडा आणा, पाण्यातून पाजू. आणि तोंड तुम्ही धरा, तुमच्या हाताची सवय आहे तिला.”

दुपार कलल्यावर गाईने मोठा ढेकर दिला. संध्याकाळी रवंथ सुरू झाला. मान वळवून तिने चाटली ती मात्र यामिनीची बाही. दिवसभर तोंड धरून विद्युलताचे हात दुखत होते, आणि हिची बाही!

“उद्यापासून मूठभर हिरवा चारा द्या, ताई. नेमाला चालेल ना?”

“चालेल. पण पुढच्या कालवडीचं नाव मी सांगेन.”

रंजनी डोळे पुसता पुसता हसली. “विद्युलता? हाक पुरी होईपर्यंत वासरू रस्त्यापलीकडे जाईल, अक्का!”

“मग लता म्हण,” विद्युलता हळूच म्हणाली.