कपाटामागचे एकोणीस पुडे

पलंगाखालून पहिल्यांदा निघाली ती केळ्याची साल. म्हणजे एके काळी ती साल असावी. आता ते काळं, चामड्यासारखं काहीतरी झालं होतं आणि त्याला मोजा चिकटला होता. मोज्याला केस, केसांना चुइंगम. चिमट्याने एक टोक उचललं तर सगळी वरातच बाहेर आली.

"ई! हे दादाचं आहे," धाकटी म्हणाली.

"मोजा तुझा आहे."

"मोजा माझा. घाण त्याची."

मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुते. बारा वर्षं झाली. रक्त, पू, ओकारी, सगळं या हातांखालून गेलंय, पण कधी कपाळावर आठी पडली नाही. चादर कुणाच्या तरी दुखण्यातून आलेली असते, तिची काय किळस करायची? पण धडधाकट, दोन वेळ खाऊनपिऊन सुखी असलेल्या माझ्या पोटच्या पोरांनी पलंगाच्या फळीला ओळीने शेंबूड पुसून ठेवलेला पाहिला आणि माझ्या घशाशी आलं. वाळून त्याचे हिरवट खडे झाले होते.

शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी नणंद तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला यायची होती आणि तिला द्यायला हीच एक खोली होती. म्हणून कामावर रजा टाकून सकाळीच मी तीन पोती मांडली. एक ठेवायचं, एक द्यायचं, एक टाकायचं. द्यायचं पोतं थोरल्याने भराभर भरत आणलं, तेव्हा मला संशय आला. उपडं केलं तर चाकं नसलेली गाडी, चावून चोथा केलेल्या पेन्सिली, आणि चिकट डागांची चड्डी.

"ही चड्डी कुणाला देणार आहेस?"

"गरिबाला."

"का रे, गरिबाने तुझं काय घोडं मारलंय?"

तो खाली मान घालून हसला आणि चड्डी टाकायच्या पोत्यात गेली.

असं करत दुपारी तीनपर्यंत आम्ही कपाटाशी पोचलो. मी थोरल्याला म्हटलं, "धर त्या बाजूने, सरकवू." तेवढ्यात धाकटी धावत आली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. आठ वर्षांची पोर, दोन्ही हात पसरून.

"कपाट नको, आई. मागे काही नाहीये."

"काही नाही तर बाजूला हो."

"आधी सांग, बाबाला सांगणार नाहीस. त्याला खूप वाईट वाटेल. प्लीज, आई."

मी तिला जवळ घेऊन बाजूला केलं. एवढ्या पोरीने लपवून लपवून काय लपवलं असणार, फुटलेला कप नाहीतर शाळेतून आलेली चिठ्ठी. कपाट वीतभर सरकलं आणि वास आला.

त्या खोलीत महिनाभर एक कुबट वास होता. मी त्याचं खापर मोरीच्या नळीवर फोडत होते. पण हा वास नळीचा नव्हता. हा नाकात शिरून जिभेवर बसत होता. सडक्या अंड्याचा, त्याच्याखाली आंबलेल्या कोबीचा, आणि सगळ्यात खाली कसला तरी गुळमट. थोरला सदऱ्यात तोंड खुपसून मागे पळाला.

भिंतीलगत पुडे रचलेले होते. बटर पेपरचे, एकावर एक, नीटनेटके. खालच्यांतून तपकिरी पाणी झिरपून फरशीवर त्याची खपली धरली होती आणि त्या खपलीत पांढरं काहीतरी वळवळत होतं. मी तोंडावर पदर दाबला. पुडे मी क्षणात ओळखले. कोपरे कातरल्यासारखे सरळ दुमडलेले आणि वर निळी चिकटपट्टी. माझा नवरा रंगारी आहे. खिडकीच्या कडांना रंग लागू नये म्हणून जी पट्टी लावतो, तीच तो पोरांच्या डब्यातल्या पुड्यांना लावतो. मी पहाटे पाचच्या पाळीला जाते, त्यामुळे डबा त्याच्याकडे. उकडलेलं अंडं, कोबी, आणि लोणी लावलेला पाव.

मी मोजले. एकोणीस होते.

"अगं, खायचा नव्हता तर शाळेत टाकून तरी द्यायचास!"

"तूच म्हणतेस ना, अन्न टाकायचं नाही." ती हुंदके देत होती. "कीर्तनात त्या बुवांनी गाऊन सांगितलं होतं. टाकलेला घास रात्रभर रडतो. तूसुद्धा टाळ्या वाजवत होतीस. मी नाही टाकला, आई. एकपण नाही टाकला. ठेवलाय."

बुवा गातात तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागते, आणि पोर शेजारी बसून शब्दन् शब्द ऐकत असते हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

"पण खात का नाहीस?"

"घाण लागतो. लोणी खवट असतं."

"अंड्याला वास मारतो," सदऱ्याच्या आतून थोरला म्हणाला. "मी नाक दाबून गिळतो. पहिले दोन घास कठीण जातात, मग जीभच मरते."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तो पाचला उठतो, आई," थोरला म्हणाला. "शीळ घालत करतो. आणि संध्याकाळी विचारतो, कसा झाला होता म्हणून."

धाकटीने माझा पदर धरला. "तो यायच्या आत टाकूया ना."

पोरांचा बाबा साडेपाचला यायचा. मी हातमोजे चढवले. पहिला पुडा उचलला तर तळ फुटला आणि आतलं पायावर सांडलं. कोमट होतं. ते कोमट असावं याचीच मला इतकी शिसारी आली की मी पाय झटकत एका पायावर नाचले, आणि नेमकं तेव्हाच बाहेरचं दार वाजलं. त्याचं काम लवकर आटपलं होतं.

पोतं मिटायलाही वेळ मिळाला नाही. तो आत आला आणि आमच्या मधोमध फरशीवर बसला, उघड्या पोत्यापासून हातभर अंतरावर. खिशातून बिस्किटं काढली.

"वा! खोलीला खोलीपण आलं की गं," असं म्हणून त्याने एक बिस्कीट तोंडात टाकलं.

पोत्यातली माशी उडून त्याच्या गुडघ्यावर बसली. तो चावत होता. चवीने चावत होता. मी बघत राहिले. असल्या दुर्गंधीत माणूस खातो कसा?

"अहो, कसला वास येतोय का?"

त्याचं चावणं थांबलं. त्याने माझ्या तोंडावरचा पदर पाहिला, थोरल्याचा सदरा पाहिला.

"येतोय ना," तो घाईने म्हणाला. "फिनेलचा."

फिनेलच्या बाटलीचं झाकण मी अजून उघडलंच नव्हतं.

मग त्याला पोत्यातली निळी पट्टी दिसली. हात घालून त्याने पुडा काढला. धाकटी ओरडली, "बाबा, नको!" पण त्याने पट्टी सोलली, कागद उलगडला. आत काळसर हिरवा लगदा होता, आणि त्यात पाव कुठला, अंडं कुठलं, काही कळत नव्हतं. त्याने तो नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि फूल हुंगावं तसा छाती भरून श्वास घेतला. मी बादलीकडे धावले. सकाळचं सगळं पडलं.

तोंड धुऊन वळले तर तो तसाच बसलेला.

"काहीच येत नाही गं," तो म्हणाला. "वर्ष होत आलं. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं थिनरने झालं असेल. सांगितलं असतं तर तू डबा माझ्याकडून काढून घेतला असतास. सकाळचा तेवढाच तास पोरं माझी असतात."

धाकटी हळूहळू पुढे झाली. "बाबा, रागावलास?"

"मी? मी तुला इतके दिवस हे खायला घालत होतो." त्याने पुडा पोत्यात टाकला. "कसा वास येतो? खरं सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"मेलेल्या उंदरासारखा. आणि दादाच्या बुटासारखा. आणि खालून गोड, ओकारी येते तसला गोड."

"आणि ताजा असतो तेव्हा?"

"ताजा तू कधी केलाच नाहीस," थोरला म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

बाबा उठून स्वयंपाकघरात गेला. मी गुडघ्यांवर बसून फरशीची खपली उलथण्याने खरवडत होते. ती सुटत नव्हती, सुटली की ताणून तार यायची, आणि तारेतून पुन्हा तोच भपका. त्याने पोरीला हाक मारली. दारातून मला दिसत होतं. लोण्याची बरणी उघडून त्याने तिच्या नाकाखाली धरली.

"हे?"

"ई!"

बरणी ओट्याच्या कडेला गेली. त्याने तेलाची बाटली आणली. तिने नाक मुरडलं. तीही गेली. मग फ्रीजमधला अर्धा कापलेला कोबीचा गड्डा आणला आणि उकिडवा बसून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिने डोळे मिटून हुंगलं.

"परत धर," ती म्हणाली. "जवळ धर."