तोकडी पट्टी

माणसाच्या तोंडाइतकी किळसवाणी जागा दुसरी नाही, हे मी दातांच्या दवाखान्यात नऊ वर्षं काढल्यावर छातीठोकपणे सांगते. माझं काम जबड्याची मापं घेण्याचं. "आ करा" म्हणायचं, वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये स्टीलची पट्टी उभी धरायची, आकडा लिहायचा. चाळीस मिलिमीटर उघडलं तर जबड्याचा सांधा ठीक. त्याखाली असेल तर डॉक्टर पुढच्या तपासण्या करणार. बोटांवर लाळ, नाकात घाण वास, आणि वर लोकांचं रडगाणं.

धाकट्या बहिणीचं रडगाणं तर घरचंच. ती दिवसभर फोनवर बोलायची नोकरी करते. कानाजवळ ठणका लागतो, घास चावताना कट्ट आवाज येतो, अशी तिची तक्रार. साहेब तिला म्हणाले होते, दवाखान्याचा कागद आण, फोनवरून काढून फायलींच्या कामाला बसवतो. माप मीच घेतलं. एक्केचाळीस.

"चांगली धडधाकट आहेस. नाटकं पुरे," मी म्हणाले. कागदावरही 'दोष नाही' असंच गेलं. याला सहा महिने झाले. ती अजून फोनवरच आहे.

परवा एक सुतार आले. जबडा आखडलेला, पण नजर शाबूत. माप झाल्यावर त्यांनी ट्रेमधली पट्टी न्याहाळली.

"बाई, ही पट्टी तोकडी आहे."

"काहीतरीच काय!"

त्यांनी खिशातला टेप काढून शेजारी धरला. "बघा की. सुरुवातीचे सहा मिलिमीटर गायब. टोक कुणीतरी घासलंय."

कुणीतरी! गेल्या वर्षी पट्टी खाली पडून टोक वाकलं, लोकांच्या हिरड्यांना टोचायला लागलं. वाकलेला तुकडा मीच पकडीने तोडला, मीच कानशीने घासून गुळगुळीत केला, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. तेव्हापासून प्रत्येकाच्या आकड्यात सहा फुकटचे मिळत होते.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पट्टी खणात टाकली. "नवीन आणू. जुन्याची कुठे वाच्यता नको, उगाच बोंबाबोंब होईल." आणि त्याच तोंडाने पुढच्या पेशंटला म्हणाले, "या, या, काय त्रास होतोय?" मला शिसारी आली त्यांची. पण कानस माझ्याच हातात होती ना!

नवी पट्टी घेऊन मी संध्याकाळी थेट बहिणीचं घर गाठलं. एक्केचाळीसातून सहा गेले, म्हणजे पस्तीस यायला हवे होते.

"आ कर."

एकोणतीस. पुन्हा धरली. एकोणतीसच.

"इतकं कमी कसं झालं गं?"

ती गाल धरून बसली. "तू म्हणालीस ना, मला काही झालेलं नाही. म्हणून रोज सकाळी आरशासमोर बोटं घालून ताणत होते, ताई. म्हटलं, नाटक असेल तर जाईल."

लोकांच्या तोंडांची नऊ वर्षांत आली नसेल इतकी किळस मला माझ्या तोंडाची आली.

मी तिथेच कागद घेतला. एकोणतीस लिहिलं. खाली तोडलेल्या पट्टीचं आणि कानशीचं लिहून माझी सही ठोकली. डॉक्टरांना काय करायचं ते करू देत.

बहीण कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मला खरंच दुखतंय ना, ताई?"