गोठ्यातले बारा उत्तरेश्वर

उत्तरेश्वरला आयुष्यात एकदा तरी सरपंच व्हायचं होतं. पण निवडणुकीत तो सडकून आपटला आणि वडवणीहून छापून आणलेले बारा फ्लेक्स तेवढे माळ्यावर पडून राहिले. प्रत्येकावर तो हात जोडून उभा, खाली ठळक अक्षरांत ‘आपला माणूस’. गावाला काही तो आपला वाटला नव्हता.

तीन वर्षांनी ते फ्लेक्स त्याच्या बायकोने, वनमालाने, खाली काढले. रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तिने भोकं पाडली, सोयाबीनचं भुसकट उकळून गार केलं, त्यात मशरूमचं बियाणं मिसळून बादल्या भरल्या आणि रिकाम्या गोठ्यात मांडल्या. ऊन येऊ नये, ओल टिकावी म्हणून चारी बाजूंनी फ्लेक्स बांधले. छपाईची बाजू आत.

“माजं तोंड आत कावून?” उत्तरेश्वर भडकला.

“बाहीर उन्हानं रंग जातो. आत नीट ऱ्हाईल,” वनमाला म्हणाली. बाई हसतही नव्हती, हीच पंचाईत.

‘कुत्र्याच्या छत्र्या कोण खाणार?’ म्हणून आधी गावाने नाकं मुरडली. मग शेजारच्या चंद्रभागाबाईंनी भाजी चाखली आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची बादली घेऊन शिकायला आल्या. बघता बघता निम्म्या गावातल्या बाया गोठ्यात येऊन गेल्या. उत्तरेश्वरच्या सभेला जेवण ठेवूनही एवढी माणसं जमली नव्हती.

पुढच्या निवडणुकीला सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. बाया थेट वनमालाकडे आल्या आणि ती हो म्हणाली. उत्तरेश्वरला गगन ठेंगणं झालं. सही तिची, कारभार आपला! तो विळा घेऊन गोठ्यात शिरला.

“एक फ्लेक्स काढतो. माज्या शेजारी तुजा फोटो चिटकवू.”

“हात लावू नगा! कालच कळ्या आल्यात, ऊन लागलं की सुकतील. आन मला फ्लेक्स कशाला? बायांनी मला बघितलंय की.”

“मग मी काय करू?”

“मी परचाराला गेले की पानी मारा. दिसातून तीनदा.”

त्याला राग आला, लाजही वाटली. पण कळ्या सुकल्या तर अख्खं गाव त्यालाच जाब विचारणार, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने फवारा उचलला. चारी बाजूंनी बारा उत्तरेश्वर हात जोडून त्याच्याकडे बघत होते. मागच्या खेपेला आपण या माणसाला मत का दिलं, ते त्याला काही केल्या आठवेना.