मुकं धुपाटणं

पापा-लेफ्तेरिस पाद्रींनी धुपाटणं हलवलं. धूर आला, आवाज आला नाही. त्याच्या साखळ्यांवरच्या छोट्या घंट्या कुणीतरी काढून नेल्या होत्या.

सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. तिथे आर्गिरो आपल्या लेकीला, मेल्पोला, धरून बसली होती. मेल्पो पंचविशीची, पण तोंडात शब्द नाही. घंट्या वाजल्या की कान दाबून किंचाळायची. आज शांत होती. तेच अंगाशी आलं.

प्रार्थना संपताच, चर्चची व्यवस्था बघणारी स्तामाता आली.

"घंट्या मिळेपर्यंत पोरीला आणू नकोस हो. मरियमच्या सणाला बिशप यायचेत."

"आम्ही नाही काढल्या."

"मग काय चिमण्यांनी नेल्या?"

मेल्पो दुसरीकडे कुठेच टिकत नसे. इथे चर्चचा गायक थेमिस याने स्तोत्र धरलं की डुलायची. त्याचा गळाच असा, की ऐकणाऱ्याला आपोआप हात जोडावेसे वाटत.

पण धुपाटणं ठेवायच्या कपाटाची किल्ली थेमिसकडेच असे. शाळेत गणित शिकवणारा, बायकोमुलांचा, गाडी चालवणारा हा माणूस मागे कॉफी पिताना म्हणाला होता, "मेल्पोला आहे तो ऑटिझम मलाही आहे. डॉक्टरांनी सांगितलंय." आर्गिरोला ती थट्टाच वाटली होती.

ती तडक त्याच्यासमोर उभी राहिली.

"तूच ना रे? माझ्या लेकीवर उपकार करायला गेलास, नि तिलाच बाहेर काढलंस!"

थेमिसने वर पाहिलं नाही. पोथीचं पान सारखं करत राहिला.

"तिच्यासाठी नाही काढल्या. माझ्यासाठी."

त्याने बाही सरकवली. मनगटाच्या आतल्या बाजूला नखांचे वळ होते, जुने आणि ताजे.

"तिला किंचाळता येतं. मला गावं लागतं."

आर्गिरो बघत राहिली. असेच वळ ती मेल्पोच्या हातावर रोज धूत होती.

"काही कळलं का?" मागून पाद्रींनी विचारलं.

"मीच काढल्या, बाबा," आर्गिरो घाईने म्हणाली. "पोरीसाठी. आणून देते."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" स्तामाता म्हणाली.

"ती खोटं बोलतेय," थेमिस म्हणाला. त्याचा आवाज स्तोत्रात लागतो तसाच स्वच्छ लागला, पार दारापर्यंत. "मी काढल्या. मला सहन होत नाहीत."

स्तामाताचा क्रूसाची खूण करायला उचललेला हात अर्ध्यावरच राहिला.

आर्गिरो बाकाकडे परतली. मेल्पोला तिने जरा आत सरकवलं, आणि कडेला एका माणसापुरती जागा ठेवून बसली.