नणंदेने विचारलेलं वजन

माझी नणंद जनावरांची डॉक्टर आहे आणि मी तिच्या दवाखान्यात काम करते. मांजर धरायचं, कुत्र्याला काट्यावर उभं करायचं, आकडा मोठ्याने सांगायचा. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. अंदाजपंचे काम तिला चालत नाही.

त्या दुपारी एका सशाचे कान तपासताना तिने सहज विचारलं, "वहिनी, दादाचं वजन किती असेल गं?"

माझ्या हातातून ससा सुटला.

याआधी तिने दोनदा माणसांची वजनं विचारली होती. एक समोरच्या इमारतीतला सेक्रेटरी. त्याची बायको भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. दुसरा कापडवाला. त्याची मुलगी आमच्याकडे मांजर दाखवायला यायची आणि मग घरी जायला तयार नसायची. दोघेही पंधरवड्याच्या आत झोपेत गेले. हृदयविकार, असं लोक म्हणाले.

मी टेबलाखालून ससा बाहेर काढला. "वन्सं," मी म्हणाले. एरवी मी तिला चिडवायलाच अशी हाक मारते. "सख्खा भाऊ आहे तुझा."

"म्हणून तर. परक्यांचं केलं आणि घरचं राहिलं, असं नको." ती माझ्या भुवईकडे बघत होती. तिथले टाके आदल्या दिवशी तिनेच घातले होते, कुत्र्यांसाठीच्या दोऱ्याने. "त्याला काही कळणारसुद्धा नाही."

"मला तो मेलेला नकोय."

"अजून जीव आहे त्याच्यावर?"

"जीव कसला? सेक्रेटरीच्या शोकसभेत तू पहिल्या रांगेत बसली होतीस ना?"

"रिकामी होती."

"सगळे म्हणत होते, देवमाणूस गेला. आणि त्याची बायको मान डोलवत होती. दुसरं काय करणार बिचारी? माणूस मेला की सज्जन होतो, वन्सं. मला त्या सज्जनाची विधवा व्हायचं नाही. मला त्याची कोणीच व्हायचं नाही. त्याने काय काय केलं ते कुणीतरी मोठ्याने सांगावं आणि त्याला ते ऐकू यावं, एवढंच हवंय."

तिने हातमोजे काढले. चांगल्या चालणाऱ्या यंत्राला कुणी भंगार म्हणावं, तसा तिचा चेहरा झाला. "म्हणजे माझा काही उपयोग नाही."

"आहे की. टाके कुणी घातले?"

मी नवऱ्यावर खटला भरला. न्यायालयात तिने खरं सांगण्याची शपथ घेतली तेव्हा मी श्वास रोखून धरला. पण विचारलं तेवढंच तिने सांगितलं, जखमेची लांबी मिलिमीटरमध्ये. नवऱ्याच्या वकिलाने टोमणा मारला, "तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. माणसातलं तुम्हाला काय कळणार?"

"चावणारं जनावर ओळखावंच लागतं आम्हाला," ती शांतपणे म्हणाली. "नाहीतर बोटं राहत नाहीत."

आता मी दवाखान्याच्या वरच्या खोलीत राहते. तो दोन गल्ल्या सोडून राहतो, धडधाकट आहे, आणि मी दिसले की रस्ता ओलांडतो. त्याला देवमाणूस म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

काल एक बाई पोपट घेऊन आली. खोलीत येऊनही तिने काळा चष्मा काढला नाही. नणंदेने पोपटाची चोच तपासली, मग चष्म्याकडे पाहिलं.

"घरी आणखी कोण असतं? साधारण वजन..."

"पोपटाचं, वन्सं," मी म्हणाले. "आज फक्त पोपटाचं."

तिने उसासा टाकून छोटा काटा पुढे ओढला. मी माझ्या वकीलबाईंचं कार्ड त्या बाईसमोर सरकवलं. अक्षरं बारीक होती. ती वाचायला तिने चष्मा काढला.